टाटा नेक्सॉन पेट्रोल घ्यायची की डिझेल? शहरात कमी रनिंग असणाऱ्यांसाठी माझा अनुभव

ज्यांचं रनिंग महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर आहे आणि तेही बहुतेक शहरातल्या शहरात, त्यांनी डिझेल नेक्सॉन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आता डिझेल नेक्सॉन वाईट आहे म्हणून मी हे सांगत नाहीये, उलट दोन्ही चालवल्यावर इंजिन म्हणून मला डिझेलच जास्त आवडलं होतं. पण आवडलेली गाडी आणि आपल्या वापराला बसणारी गाडी यात फरक असतो, आणि तो फरक शोरूममध्ये कोणी समजावून सांगत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझा वापर आधी सांगतो म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. धायरीला राहतो, ऑफिस शंकरशेठ रोडला, म्हणजे एका बाजूने नऊ-दहा किलोमीटर. आठवड्यातले तीन-चार दिवस गाडी, बाकी दिवस दुचाकी. रविवारी बाजारहाट, आईला डॉक्टरकडे नेणं-आणणं, आणि महिन्यातून एखादी फेरी वाईजवळच्या गावी. सगळं मिळून पाचशेच्या आसपास. सिंहगड रोडला संध्याकाळी ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना माहितीये की ते दहा किलोमीटर म्हणजे पाऊण तास पहिला-दुसरा गिअर, क्लच, ब्रेक, परत पहिला. थोडक्यात पुण्या-मुंबईतल्या नोकरदार माणसाचा जसा असतो तसाच वापर.

गाडी घ्यायची ठरल्यापासून घरात एकच धोशा, डिझेल घे. मामा तर फोनवर सुद्धा तेच, "अरे डिझेलच घे, अॅव्हरेजला बाप आहे, घाटात दम लागत नाही." मामांचं म्हणणं उगाच नाही, त्यांनी स्वतः इंडिका डिझेल आणि नंतर डिझेल स्विफ्ट (डीडीआयएस) वापरलीये, आणि त्यांच्या काळात ते शंभर टक्के बरोबरच होतं. पेट्रोलचे दर सरकारने जून २०१० मध्ये आपल्या नियंत्रणातून मोकळे केले आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये, मधल्या चार वर्षांत दोन्हींत इतकी दरी पडली की मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतं. लिटरमागे ३२ रुपये फरक आणि वर डिझेलचं अॅव्हरेज जास्त! तेव्हा निम्म्याहून जास्त लोक डिझेल कार घेत होते यात नवल काहीच नाही, तेव्हा कमी रनिंगवाल्याचे पण पैसे वसूल व्हायचे. पण तो फरक आता लिटरमागे तेरा-चौदा रुपयांवर आलाय, मारुतीने तर एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं, आणि आज विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांत एक जेमतेम डिझेल असते. दर बदलले, इंजिनं बदलली, सायलेन्सरच्या आतलं सामान बदललं, फक्त "डिझेल म्हणजे बचत" हे वाक्य घराघरात तसंच राहिलंय.

आता गाडीबद्दल. नेक्सॉन निवडायचं कारण एक तर सेफ्टी, २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार घेणारी ही पहिली भारतीय गाडी, आणि नवीन मॉडेललाही पाच स्टार आहेत. दुसरं म्हणजे २०८ मिलीमीटर ग्राउंड क्लिअरन्स, आमच्या गावाकडचा शेवटचा दोन किलोमीटर रस्ता बघता ते लागतंच. बनते पण आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला. आणि या तुलनेसाठी ती सोयीची अशी की एकच गाडी, तीच सीट, तेच डॅशबोर्ड, दोन वेगळी इंजिनं. पेट्रोल १.२ लिटर टर्बो (म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं), तीन सिलिंडर, १२० पीएस पॉवर आणि १७० एनएम टॉर्क. डिझेल १.५ लिटर, चार सिलिंडर, ११५ पीएस आणि २६० एनएम.

कागदावर पॉवर जवळजवळ सारखी दिसते पण गाडी उचलते टॉर्कवर, म्हणजे ओढायच्या ताकदीवर, आणि १७० कुठे नि २६० कुठे. हा फरक मला खंबाटकी घाटात कळला. माझ्या चुलत भावाकडे डिझेल नेक्सॉन आहे, ती घेऊन आम्ही पुण्याहून वाईला आणि तिथून पसरणी घाटाने पाचगणीला गेलो होतो, पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. तेव्हा पुण्याकडून जाताना बोगदा नव्हता, घाटच चढावा लागायचा, आणि तिथे ट्रकच्या मागे अडकून वेग मेल्यावर पण तिसऱ्या गिअरमध्ये नुसता पाय दाबला की गाडी सरळ वर, गिअर खाली टाकायची गरजच नाही. दीड हजार आरपीएमला ती पूर्ण ताकदीत येते. पेट्रोलमध्ये त्याच वळणावर दुसरा टाकावा लागतो, इंजिनचा आवाज वाढतो, आणि अठराशेच्या खाली आरपीएम गेला की टर्बो जागा व्हायला क्षणभर घेतोच. जमतं सगळं, पण ड्रायव्हरला काम करावं लागतं. हायवेच्या आणि घाटाच्या बाबतीत डिझेल उजवं आहे, त्यात वादच नाही.

शहरात मात्र चित्र उलटं. डिझेलचा क्लच जड, सिग्नलला उभं असताना खडखड आत येते, आणि सिंहगड रोडच्या गर्दीत त्या २६० एनएमचं करायचं काय? पेट्रोलचा क्लच हलका, उभी असताना गाडी शांत, तीन सिलिंडरची थोडी थरथर स्टिअरिंगला जाणवते पण आठवड्याभरात सवय होते. तक्रार म्हणाल तर अॅव्हरेज. कंपनीच्या आकड्यात पेट्रोल मॅन्युअल १७.४४ आणि डिझेल मॅन्युअल २३.२३, प्रत्यक्षात माझी पेट्रोल पुण्यात बारा-साडेबारा देते, गावाला जाताना सोळा-सतरा. टर्बो पेट्रोल गर्दीत पितं, हे मान्य करूनच घ्या. त्यात आता सगळीकडे ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे तिथेही थोडं जातं. भावाची डिझेल हायवेला वीस-एकवीस देते, शहरात सोळाच्या आसपास.

मग हे ऐकून कोणीही म्हणेल की बाबा डिझेलच स्वस्त पडणार की. तर आता हिशोब करू, आणि हा हिशोब मी कागद-पेन घेऊन खरंच केला होता.

वर्षाला ६,००० किलोमीटर धरा. पेट्रोल बाराच्या अॅव्हरेजने ५०० लिटर, १०४ रुपये दराने ५२,००० रुपये. डिझेल सोळाच्या अॅव्हरेजने ३७५ लिटर, ९१ रुपयांनी ३४,००० च्या थोडं वर. म्हणजे डिझेल वर्षाला साधारण १८,००० वाचवतं. आता ते १८,००० वाचवायला आधी किती घालायचे ते बघा. समजा पेट्रोलचं एक व्हेरियंट ९ लाख ८० हजार एक्स शोरूम आहे आणि त्याच व्हेरियंटचं डिझेल १० लाख ९० हजार, १ लाख १० हजारांचा फरक. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी दोन्हींना १८ टक्के झाला, त्याआधी चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना सेस धरून पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के होता, म्हणजे हा फरक आता पूर्वीपेक्षा कमीच झालाय.

पण खरी गंमत आरटीओच्या टॅक्समध्ये आहे आणि तिकडे कोणाचं लक्षच जात नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांमध्ये १२ टक्के. डिझेलला तेच १३ आणि १४. आता आपल्या उदाहरणात पेट्रोल गाडी १० लाखांच्या आत, म्हणून ११ टक्के, १ लाख ८ हजारांच्या आसपास टॅक्स. डिझेल १० लाखांच्या वर गेली, म्हणून सरळ १४ टक्के, १ लाख ५२ हजारांच्या वर. नुसत्या टॅक्समध्ये ४५ हजारांचा फरक! म्हणजे शोरूमवाला जो फरक एक लाख दहा हजार सांगतो तो ऑन रोड होईपर्यंत दीड लाखाच्या पुढे, आणि गाडीची किंमत जास्त म्हणून इन्शुरन्सचे दोन-चार हजार धरले की एक लाख साठ हजार. यात थर्ड पार्टीचा हप्ता दोन्हींचा सारखाच आहे कारण तो सीसीवर ठरतो आणि दोन्ही इंजिनं १००० ते १५०० च्या गटात येतात, फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या विम्यात.

एक लाख साठ हजार भागिले अठरा हजार, जवळजवळ नऊ वर्षं. त्यात डिझेलचं सर्व्हिसिंग वर्षाला दोन-अडीच हजारांनी महाग धरा, ऑइल जास्त लागतं आणि तेही फिल्टरला चालणारं खास लागतं, डिझेल फिल्टर वेगळा, मग दहा वर्षं. आणि गाडी लोनवर असेल तर त्या जादा एक लाख साठ हजारांवर पण व्याज आहे ना, नऊ टक्क्यांनी पाच वर्षांत चाळीस हजार होतात. आमच्या घरात कुठलीच गाडी दहा-बारा वर्षांपेक्षा जास्त राहिलेली नाही, म्हणजे पैसे वसूल व्हायला सुरुवात होईल तेव्हा गाडी विकायची वेळ आलेली असेल.

हाच हिशोब भावासाठी केला तर उत्तर एकदम उलट येतं. तो साताऱ्याहून शिरवळ एमआयडीसीला रोज ये-जा करतो. वर्षाला अठरा हजार किलोमीटर जरी धरले, आणि त्याचं रनिंग त्याहून बरंच जास्त आहे, तरी हायवेच्या अॅव्हरेजने पेट्रोलला १ लाख १७ हजार आणि डिझेलला ८२ हजार, वर्षाला ३५ हजारांची बचत, पाच वर्षांच्या आत जादा पैसे वसूल. त्याने डिझेल घेतली ती शंभर टक्के योग्य घेतली.

पण पैशाचा हिशोब ही अर्धीच गोष्ट आहे. काही लोक म्हणतात, पैसे नाही वसूल झाले तरी चालेल, मला डिझेलचा पिकअप आवडतो, मी घेणार. त्यांनी पुढचं नीट वाचा.

बीएस ६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी तो अडवतो, म्हणूनच आताच्या डिझेल गाड्या पूर्वीसारखा काळा धूर सोडत नाहीत, आणि हे चांगलंच आहे, आपल्या पोरांच्या छातीत जाणारी घाण कमी होते. पण अडवलेली काजळी कुठेतरी जायला पाहिजे ना, तर ती फिल्टरमध्येच जाळतात, त्याला रिजनरेशन म्हणतात. हायवेला गाडी एका वेगात चालत असली की एक्झॉस्ट तापलेला असतो आणि काजळी बरीचशी आपोआप जळत राहते. शहरात एक्झॉस्ट तेवढा तापतच नाही, मग काजळी ठराविक पातळीला पोचली की गाडीचा कॉम्प्युटर स्वतः थोडं जास्त डिझेल सोडून फिल्टरचं तापमान सहाशे डिग्रीच्या आसपास नेतो आणि जाळायला लागतो. याला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ गाडी पन्नास-साठच्या वर सलग चालत राहिली तर ते सुखाने पार पडतं.

आता सांगा, धायरी ते शंकरशेठ रोड पन्नास-साठच्या वेगाने सलग वीस मिनिटं कुठे आणि कधी चालवणार? पहाटे चारला जाऊन?

होतं असं की जाळायचं काम सुरू होतं, तेवढ्यात ऑफिस येतं, आपण गाडी बंद करतो. काम अर्धवट. गाडी बंद केल्यावर पण पंखा जोरात फिरत असेल, उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा वर असेल, अॅव्हरेज अचानक पडलं असेल, गरम वास येत असेल, तर समजायचं की रिजनरेशन मध्येच तुटलं. दुसऱ्या दिवशी परत सुरू, परत अर्धवट. आणि ते जे जादा डिझेल सोडलं जातं ते सगळं जळत नाही, काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं, त्याची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. इंजिनच्या आरोग्याला हे अजिबात बरं नाही.

आमच्या ऑफिसमधल्या एका मित्राची डिझेल एसयूव्ही आहे, कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही कारण हा प्रकार कुठल्याही डीपीएफवाल्या गाडीत होऊ शकतो. घर कोथरूड, ऑफिस आमचंच, पोरांची शाळा मधे, रनिंग माझ्याइतकंच. वर्षभरातच डॅशबोर्डवर फिल्टरचा पिवळा दिवा यायला लागला. सुरुवातीला तो रात्री जेवून झाल्यावर गाडी घेऊन बायपासला एक चक्कर मारून यायचा, दिवा जायचा, काही आठवड्यांनी परत हजर. पावसाळ्यात कंटाळा केला आणि दिव्याकडे दुर्लक्ष झालं तर गाडीने पिकअपच सोडला, वीस-तीसच्या वर जाईना. मग वर्कशॉपला स्कॅनर लावून जबरदस्तीने रिजनरेशन करावं लागलं, ऑइल पण बदललं. वॉरंटीत काय बसतं यावर तिथे जी वादावादी झाली ती वेगळी, त्यांचं म्हणणं होतं की हा वापराचा दोष आहे, गाडीचा नाही. फिल्टर वाचला हे नशीब, तो बदलायची वेळ आली तर बिल बघवत नाही. म्हणजे जी गाडी डिझेल वाचवायला घेतली तिच्यात फिल्टर साफ करायला रात्री उगाच डिझेल जाळत फिरायचं. मला त्याच्यासाठी खरंच वाईट वाटतं कारण हे त्याला विकताना कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

मला पण नाही सांगितलं कोणी. मी ज्या शोरूमला गेलो तिथे रंग कुठला, सनरूफ पाहिजे का, लोन किती, सगळं विचारलं, रोज किती किलोमीटर आणि कुठे चालवता हे नाही विचारलं. डीपीएफबद्दल मीच विषय काढला तर "सर आता नवीन गाड्यांना प्रॉब्लेम नाही" एवढं उत्तर. हे उत्तर अर्धवट आहे, वापर हायवेचा असेल तर प्रॉब्लेम नाही, भावाच्या गाडीला आजपर्यंत तो दिवा दिसलेलाच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की महिन्याला किती किलोमीटर हा प्रश्न विचारा पण त्याबरोबर एका फेरीत किती हा पण विचारा. समजा एखाद्याचं रनिंग माझ्याइतकंच पाचशे आहे, पण ते महिन्यातून एकदा पुणे-कोल्हापूर आणि परत असं आहे, मधे गाडी उभीच. त्याच्या डिझेलच्या फिल्टरला काहीही होणार नाही, पैसे वसूल होणार नाहीत पण गाडी खूश राहील, आणि त्याला हायवेचा पिकअप पाहिजे असेल तर त्याने खुशाल घ्यावी, तो त्याच्या आनंदाचा खर्च आहे. त्याउलट रोज पाच-सहा किलोमीटरच्या सात-आठ फेऱ्या मारून कोणी महिन्याला बाराशे करत असेल तर पैशाचा हिशोब डिझेलकडे झुकायला लागेल पण गाडीच्या तब्येतीचा नाही, कारण छोट्या फेऱ्यांत डिझेल इंजिन धड तापतच नाही. डिझेलची उष्णता कमी वाया जाते म्हणून तर ते अॅव्हरेज देतं, आणि त्याच कारणाने ते गरम व्हायला पण वेळ घेतं. पेट्रोल लवकर तापतं.

पेट्रोलला छोट्या फेऱ्यांचा त्रासच नाही असं नाही. बॅटरी उतरते, ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच, किलोमीटर कमी झाले म्हणून पुढे ढकलायचं नाही. आठवडाभर उभी राहिली की एकदा अर्धा तास बाहेर चालवून आणा, जागेवर स्टार्ट करून पाच मिनिटं ठेवण्याने काही होत नाही. आणि फारच कमी, म्हणजे महिन्याला दोनशे-तीनशेच वापर असेल तर मी तर म्हणेन टर्बो पण नको, बलेनो किंवा आय२० सारखं साधं १.२ बिनटर्बोचं पेट्रोल बघा, जितकं कमी सामान तितकी कमी कटकट, गर्दीत अॅव्हरेज पण नेक्सॉनपेक्षा चांगलं. नेक्सॉन सीएनजी पण आहे, पण माझ्या रस्त्यावरच्या पंपाची रांग बघून मी तो विचार सोडला. इलेक्ट्रिक माझ्या वापराला सगळ्यात छान बसली असती, पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये पार्किंगला चार्जर बसवायला ना मालक तयार ना सोसायटी.

शेवटी मी पेट्रोल मॅन्युअल घेतली. बसायला, ब्रेकला, सस्पेन्शनला गाडी दणकट आहे, खड्ड्यातून जाताना आई मागे बसून तक्रार करत नाही हे माझ्यासाठी मोठं सर्टिफिकेट. टचस्क्रीन कधीकधी रेंगाळते, एसीची टच बटणं चालवताना हाताला सापडत नाहीत, खाली बघावं लागतं, हे मला आवडलेलं नाही. पाचपैकी चार देईन, एक अॅव्हरेज आणि त्या बटणांसाठी कापला.

सेकंड हँड बघणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. "एका हाताची, डिझेल, पाच वर्षांत फक्त २५ हजार चाललेली" अशी जाहिरात बघून लगेच उडी मारू नका. पेट्रोलमध्ये असा आकडा चांगला, पण बीएस ६ डिझेलमध्ये त्याचा अर्थ ती गाडी बहुतेक शहरातच छोट्या फेऱ्या मारत जगलीये असा असू शकतो. त्यापेक्षा सत्तर हजार हायवेला चाललेली डिझेल मी डोळे झाकून पसंत करेन. घ्यायचीच असेल तर थंड इंजिनवर ऑइलची काडी काढून बघा, ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर तिथूनच परत फिरा. कंपनीच्या वर्कशॉपला नेऊन स्कॅनर लावायला सांगा, फिल्टरमध्ये काजळी किती साठलीये आणि शेवटचं रिजनरेशन कधी पूर्ण झालं ते त्यात दिसतं, आणि जुन्या सर्व्हिसच्या बिलांत जबरदस्तीचं रिजनरेशन किती वेळा केलंय ते शोधा. मालक स्कॅनर लावायला नाही म्हणाला तर टेस्ट ड्राइव्ह पण घेत बसू नका.